पिकअप (मालवाहू वाहन)

पिकअप हे पुढे चालकाची बंद केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन होय. महाराष्ट्रात हा शब्द मुख्यतः एक ते दोन टन माल वाहणाऱ्या, इंजिन बोनेटखाली असलेल्या गाडीसाठी रूढ आहे. त्याहून लहान गाडी 'छोटा हत्ती' या नावाने ओळखली जाते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियात ज्याला मध्यम आकाराचा पिकअप म्हणतात, त्याच आकाराचे हे वाहन आहे. मात्र तेथे ते पुष्कळदा कुटुंबाच्या प्रवासासाठी घेतले जाते, तर भारतात बहुधा भाड्याच्या उत्पन्नासाठी. त्यामुळे भारतीय खरेदीदाराच्या दृष्टीने विश्वासार्हता म्हणजे गाडी वर्षातून किती दिवस उभी राहत नाही, हा प्रश्न असतो. प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार प्रामुख्याने नागपूर जिल्ह्याच्या, विशेषतः खापरखेडा परिसराच्या संदर्भात केला आहे.

इतिहास

महाराष्ट्रात लहान मालवाहतुकीची सवय लावली ती मेटॅडोर या गाडीने. पुण्याजवळील आकुर्डी येथील बजाज टेम्पोचे हे वाहन इतके रुळले की, आजही अनेक ठिकाणी कोणत्याही लहान मालवाहू गाडीला मेटॅडोर म्हटले जाते. टाटा उद्योगसमूहाच्या टेल्को कंपनीने १९८८ मध्ये टाटामोबाईल बाजारात आणली. तिच्यापासून पुढे 'टाटा २०७' ही गाडी विकसित झाली आणि १९९४ ची टाटा सुमोही त्याच आराखड्यावर उभी राहिली. महिंद्रा कंपनीचा प्रवास जीपच्या जुळणीपासून सुरू झाला. २००० साली आलेल्या बोलेरोच्या नावाने तिने पुढे पिकअप काढले, आणि या गटातील विक्रीत अलीकडच्या वर्षांत निम्म्याहून अधिक वाटा याच कंपनीचा राहिला आहे.

२००५ मध्ये आलेल्या टाटा एसने एक टनाखालील वाहतुकीचे गणित बदलले. २०११ मध्ये अशोक लेलँडने निसानच्या सहकार्याने सव्वा टन क्षमतेची 'दोस्त' आणली. तिचे इंजिन बोनेटखाली नसून केबिनखाली आहे. टाटाची योद्धा २०१७ ची. सप्टेंबर २०२२ मध्ये तिचे दोन टन क्षमतेचे रूप आले. बोलेरो मॅक्स पिकअप ही मालिकाही २०२२ चीच असून एप्रिल २०२३ मध्ये तिचा विस्तार होऊन क्षमता १.३ ते २ टनांपर्यंत गेली. इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस (२०१६) आणि टोयोटा हायलक्स (२०२२) या गाड्या आकाराने याच वर्गातील असल्या, तरी त्यांचा ग्राहक वेगळा आहे. हायलक्सची २०२२ मधील सुरुवातीची शोरूम किंमत सुमारे ३४ लाख रुपये होती. तेवढ्या रकमेत तेव्हा साधे पिकअप तीन तरी आले असते. जगभर हायलक्सचा टिकाऊपणासाठी लौकिक आहे. त्याचे एक कारण यंत्राचा साधेपणा आणि कोठेही मिळणारे सुटे भाग हे सांगितले जाते. विदर्भातील गावांत हेच स्थान बोलेरो पिकअप आणि जुन्या २०७ ला आहे, हायलक्सला नाही.

खापरखेडा परिसरातील माल

खापरखेडा हे सावनेर तालुक्यातील गाव नागपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर आहे. महानिर्मिती कंपनीचे १३४० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र येथे असून, सिल्लेवाडा व वलनी या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी जवळ आहेत. कोळसा पिकअपने जात नाही. त्यासाठी रेल्वे, वाहकपट्टे आणि मोठे टिप्पर आहेत. पिकअपच्या वाट्याला येतात ते राखेच्या विटा, सिमेंट, लोखंडी सळ्या, कंत्राटदारांचे साहित्य, दुरुस्तीसाठी नागपूरला जाणाऱ्या मोटारी व पंप, किराणा, भाजीपाला आणि हंगामात संत्री व कापूस.

हे दोन प्रकारचे माल आहेत आणि त्यांना लागणारी गाडी एक नाही. विटा, सिमेंट आणि सळ्यांत वजन आधी संपते, हौदा रिकामा दिसतो. एका विटेचे वजन तीन किलोग्रॅम धरल्यास १.३ टनांत सुमारे ४३०, तर १.७ टनांत सुमारे ५६५ विटा बसतात; ५० किलोग्रॅमची सिमेंटची पोती अनुक्रमे २६ आणि ३४. हौदा अर्धा दिसत असल्याने त्यात आणखी भरण्याचा मोह येथेच होतो. उलट कापूस, प्लास्टिकची रिकामी कॅरेट, फर्निचर यांत जागा आधी संपते आणि लांब हौदा उपयोगी पडतो. संत्र्यांची भरलेली कॅरेट या दोहोंच्या मध्ये येतात. नागपूरच्या कळमना बाजारात पहाटे पोहोचावयाचे असल्याने तेथे वजनाइतकाच वेळेचाही प्रश्न असतो. कोणता माल वर्षातील अधिक महिने मिळणार, हे ठरविल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना करणे फारसे उपयोगाचे नाही.

वजन व कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ नुसार एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून वजन, ३००० किलोग्रॅमपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला परवाना लागत नाही. रिकामा पिकअपच दीड टनाच्या पुढे भरत असल्यामुळे दीड टन व त्याहून अधिक क्षमतेची गाडी ही मर्यादा ओलांडते. विक्रेत्याकडे शेजारी उभ्या असलेल्या, दिसायला सारख्या दोन गाड्यांत हा फरक असू शकतो.

चालकाच्या अनुज्ञप्तीबाबतची अडचण मात्र दूर झाली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, हलके मोटार वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती असलेली व्यक्ती ७५०० किलोग्रॅमपेक्षा कमी एकूण वजनाचे वाहतूक वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते. या गटातील सर्व पिकअप त्यात येतात.

जादा भार वाहिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २००० रुपये दंडाची तरतूद आहे. याहून नेहमीचा खर्च पाट्यांचा, टायरांचा, क्लच प्लेटचा आणि मागच्या अक्षाच्या बेअरिंगचा असतो. अनेक मालक पाट्यांत एक-दोन पाने वाढवून घेतात. त्याने गाडी खाली बसत नाही, परंतु चौकट, अक्ष आणि ब्रेक मूळचेच राहतात आणि थांबण्याचे अंतर वाढते. मजूर हौद्यात बसवून नेणे हा त्याहून गंभीर प्रकार आहे. मालवाहू गाडीतून फुकट प्रवास करणाऱ्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले असून, अपघात झाल्यास भरपाईचा बोजा मालकावर पडू शकतो.

विश्वासार्हता

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर डिझेल पिकअपचे स्वरूप बदलले. जुन्या इंजिनाची दुरुस्ती रस्त्याच्या कडेचा मिस्त्री पान्यांच्या संचावर करीत असे. नव्या इंजिनात संवेदक, संगणकीय नियंत्रण आणि धुराची काजळी अडविणारी गाळणी आली. ही गाळणी स्वतःला तापवून काजळी जाळते आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग वेगाने चालावी लागते. गावातल्या गावात पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या आणि माल उतरेपर्यंत चालू ठेवलेले इंजिन, ही तिच्या दृष्टीने सर्वांत वाईट परिस्थिती होय. नागपूर, सावनेर अशा लांब फेऱ्या करणाऱ्या गाडीला हा त्रास कमी होतो.

खापरखेड्यातील दुसरा घटक धूळ. राख व कोळशाच्या बारीक धुळीत हवेची गाळणी पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या आधीच बदलावी लागते. त्यात दिरंगाई झाल्यास इंधन वाढते आणि टर्बोचार्जरचे आयुष्य घटते. तिसरा घटक उन्हाचा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नित्याचे असल्याने रेडिएटर, कूलंट आणि टायरमधील हवेचा दाब यांकडे होणारे दुर्लक्ष तेथे लवकर महाग पडते. ऑक्टोबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, तीही ३.५ टनांवरील एकूण वजनाच्या गाड्यांपुरतीच. बहुतेक पिकअपच्या चालकांना त्याचा लाभ नाही.

कारखाना जवळ असणे हा विश्वासार्हतेचा पुरावा समजला जातो, तो चुकीचा आहे. महिंद्राचा नागपूरच्या हिंगण्यातील कारखाना ट्रॅक्टरचा आहे आणि अशोक लेलँडचा भंडाऱ्याजवळील गडेगाव येथील कारखाना गिअरबॉक्ससाठी ओळखला जातो. क्लच प्लेट किंवा पुढच्या चाकाचे बेअरिंग त्याच दिवशी सावनेरला वा नागपूरला दुकानात मिळते का, आणि ते बसविणारा मिस्त्री परिसरात आहे का, यावर गाडी किती दिवस उभी राहणार हे ठरते. सर्वाधिक खपाच्या गाडीला येथे मोठा लाभ मिळतो. अधिक ताकदीचे इंजिन वा आरामदायी केबिन असलेली कमी खपाची गाडी या एका बाबीत मागे पडते.

खर्च

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाल्याने नव्या गाडीची किंमत उतरली आणि तिच्यापाठोपाठ जुन्या गाड्यांच्या भावावरही दबाव आला. बहुतेक खरेदी कर्जावर होते. आठ लाख रुपयांचे कर्ज ११ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे १७,४०० रुपये येतो. महिन्यात २६ दिवस काम धरले, तर दिवसाला साधारण ६७० रुपये. गाडी गॅरेजमध्ये दहा दिवस उभी राहिल्यास दुरुस्तीच्या बिलाव्यतिरिक्त केवळ हप्त्यापोटी ६७०० रुपये घरातून भरावे लागतात, शिवाय ठरलेले गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीकडे वळते ते वेगळेच. खरेदीच्या वेळी वाचविलेले वीस-तीस हजार रुपये अशा दोन-तीन प्रसंगांत संपतात.

इंधनातील फरक दिसण्यास लहान असतो. रोज १०० किलोमीटर व वर्षाला ३०० दिवस चालणारी गाडी लिटरला १४ ऐवजी १२ किलोमीटर देत असेल, तर वर्षाला सुमारे ३५७ लिटर डिझेल अधिक लागते. लिटरला ९० रुपये दराने हे ३२,००० रुपयांच्या वर जाते. सीएनजी गाड्यांचा पर्याय पुणे-मुंबई पट्ट्यात स्वीकारला गेला, तसा तो नागपूरकडे सहज रुजला नाही. येथे वायू बराच काळ द्रवरूपात टँकरने आणावा लागत असल्याने मार्च २०२२ मध्ये त्याचा दर किलोग्रॅममागे १२० रुपयांपर्यंत गेला होता. टाक्यांच्या वजनामुळे वाहून नेण्याची क्षमताही काहीशी कमी होते.

जुनी गाडी

ज्यांचे भाडे अद्याप ठरलेले नाही, ते बहुधा जुन्या पिकअपपासून सुरुवात करतात. वाहतूक वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. त्यामुळे सात-आठ वर्षांची स्वस्त गाडी घेताना पुढील वार्षिक तपासणीचा खर्चही तिच्या किमतीत धरला जातो. हौद्याखालची चौकट जोडकाम केलेली आहे का आणि पाट्यांत पाने वाढविली आहेत का, या खुणांवरून गाडीने किती जादा भार ओढला हे मीटरपेक्षा अधिक खात्रीने कळते.

सावनेर तालुक्याला लागून मध्य प्रदेशाची सीमा असल्याने सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा भागांतील गाड्याही येथे विक्रीस येतात. अशा गाडीसाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) आवश्यक असून, महाराष्ट्रातील कर भरून एमएच-४० या नागपूर ग्रामीण क्रमांकावर नोंदणी करावी लागते. आधीच्या मालकाचे कर्ज फिटले असले, तरी नमुना ३५ देऊन नोंदणी पुस्तकातील वित्तसंस्थेचा बोजा उतरविला जाईपर्यंत गाडी नव्या मालकाच्या नावावर होत नाही.