लाटेवरची स्वारी आणि सोयाबीनचा सौदा

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. येथे लाट येते ती सोयाबीनच्या भावाची. जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील बाजार समित्यांमध्ये सोयाबीन क्विंटलमागे दहा हजार रुपयांच्या घरात गेले, तेव्हा वाशीम, रिसोड, कारंजा येथील आवारांत दुसरा विषय नव्हता. त्या हंगामाचा हमीभाव ३,९५० रुपये होता. नवा माल येऊ लागताच दोन-तीन महिन्यांत भाव जवळजवळ निम्म्यावर आले. या चढउताराचे स्वरूप समजून घ्यायचे तर हवाई बेटांवरील सर्फिंगचा, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा, खेळ बराच उपयोगी पडतो.

सर्फर ज्या लाटेवर चढतो ती किनाऱ्याजवळ जन्मलेली नसते. हजारो किलोमीटरवरच्या वादळाने पाण्यात भरलेली ऊर्जा अनेक दिवस प्रवास करून येते. खोल पाण्यात ती जेमतेम जाणवते. तळ उथळ झाला की लाटेचा पाय अडखळतो, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते. पोर्तुगालमधील नाझारे येथे समुद्रतळाची खोल दरी ही ऊर्जा एका जागी एकवटते. तेथेच २०२० मध्ये सेबास्टियन श्टॉइटनर याने ८६ फुटांच्या लाटेवर स्वारी केली. सोयाबीनचेही असेच आहे. ब्राझीलमधील पाऊस, शिकागोच्या वायदेबाजारातील दर आणि मलेशियातील पामतेल यांचे परिणाम वाशीमच्या हर्राशीत उमटतात. आवारात उभे राहून केवळ आजची आवक मोजणाऱ्याला लाट दिसते तेव्हा ती फुटण्याच्या बेतात असते. २०२१ मध्ये एकीकडे कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीस मुभा दिली, दुसरीकडे नवे पीक दाराशी आले. तळ उथळ झाला होता.

अनुभवी सर्फरचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. हवाईतील वायमिया उपसागरात एडी ऐकाऊ या जीवरक्षकाच्या स्मरणार्थ होणारी स्पर्धा लाटा पुरेशा उंच असल्याखेरीज घेतलीच जात नाही. २०१६ नंतर ती थेट जानेवारी २०२३ मध्ये झाली आणि ल्यूक शेपर्डसन या ड्युटीवर असलेल्या जीवरक्षकाने जिंकली. शेअर किंवा कमॉडिटी बाजारात रोज सौदा केलाच पाहिजे असे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात शेअरच्या वायदे आणि ऑप्शन व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक सौदेकरांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

लाटा एकेकट्या येत नाहीत, रांगेने येतात. पहिलीवर पडलेल्याच्या डोक्यावर दुसरी कोसळते. म्हणून मोठ्या लाटांचे सर्फर श्वास रोखण्याचा सराव करतात. हवेने फुगणारे जाकीट आणि जेटस्कीवर सोबती ठेवतात. वायद्यातील श्वास म्हणजे मार्जिन. समजा, दहा हजार रुपये भावाने ५० क्विंटलचा, म्हणजे पाच लाखांचा वायदा कोणी १० टक्के मार्जिनवर घेतला. भाव हजार रुपयांनी उतरला की त्याचे ५० हजार संपले. आता वाढीव पैसे भरा, नाहीतर सौदा तोट्यात कापला जाईल. सर्व भांडवल पहिल्याच सौद्यात गुंतवणाऱ्याला पुढचा अंदाज बरोबर ठरूनही उपयोग होत नाही, कारण तोवर तो पाण्याखाली असतो. बाहेर कोठे पडायचे हे सौदा करण्यापूर्वीच ठरवावे लागते. गटांगळ्या खाताना कोणाला सुचत नाही.

येथवर उपमा चालते, पुढे ती तोकडी पडते. समुद्र कोणाच्या आदेशाने बंद होत नाही. सेबीने २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीनसह सात कृषिमालांचे वायदे स्थगित केले आणि ती मुदत पुढे वारंवार वाढवली. भाव दाखवणारी एक खिडकीच त्यामुळे बंद झाली. महागाईला आवर हा हेतू समजण्याजोगा असला, तरी हा उपाय शेतकऱ्याच्या हिताचा होता असे म्हणवत नाही.

दुसरा फरक अधिक गंभीर आहे. सर्फर किनाऱ्यावर बसून राहू शकतो. मालेगाव वा मंगरूळपीरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हरभऱ्याचे बियाणे घ्यायचे असते, उधारी फेडायची असते. त्याला पाण्यात उतरणे भागच. त्याच्यासाठी जाकीट म्हणता येईल अशी सोय पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना ही आहे. १९९०-९१ पासूनच्या या योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी मिळते. पण थांबणे म्हणजे भाव वाढणे नव्हे. २०२१ ची लाट पुन्हा येईल म्हणून घरात माल साठवणाऱ्यांना पुढील वर्षांनी फारसा हात दिला नाही.

२०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारातील दर त्याखाली होते. सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. ती १५ टक्क्यांवर नेण्याचा निर्णय नोव्हेंबरच्या मध्यास झाला. तोवर दिवाळी उलटून गेली होती आणि बऱ्याच गरजूंचा माल मिळेल त्या भावाने विकला गेला होता.