सर्व्हर ‘जिवंत’ आहे म्हणजे नेमकं काय?

सर्व्हर चालू आहे का? प्रश्न साधा वाटतो, पण गेल्या चाळीस वर्षांत त्याचा अर्थ बदलत गेला आहे. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हा इतिहास जरूर बघावा, कारण आपण काय मोजतो यावरच आपल्याला काय दिसणार हे ठरतं.

डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस यांनी ‘पिंग’ लिहिलं. नाव सोनारच्या आवाजावरून घेतलं. पद्धतही तीच: पॅकेट पाठवायचं आणि ते परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. पण यात एक मेख आहे. पिंगला उत्तर देतं ते ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, वेब ॲप्लिकेशन नव्हे. त्यामुळे ॲप्लिकेशन बंद पडलं तरी पिंगचं उत्तर व्यवस्थित येत राहतं. नाडी लागतेय, पण पेशंट शुद्धीवर नाही, असा प्रकार!

पुढचा प्रश्न होता ‘किती?’ १९९४ मध्ये टोबियास ओटिकर इंग्लंडमधल्या डी माँटफर्ट विद्यापीठात होते. तिथल्या ६४ किलोबिटच्या इंटरनेट लाइनवर किती ताण आहे, हे दिसावं म्हणून त्यांनी ‘एमआरटीजी’ हे आलेख काढणारं साधन बनवलं. त्यातूनच १९९९ मध्ये ‘आरआरडीटूल’ आलं. यात फाइलचा आकार ठरलेला असतो. नवी नोंद आली की सगळ्यात जुनी जाते आणि लांबच्या काळासाठी सहसा सरासरीच उरते. डिस्क वाचली, पण तपशील गेला.

सरासरी कशी फसवते ते बघा. १०० विनंत्यांपैकी ९८ ना ०.१ सेकंद लागला आणि दोनांना १० सेकंद. सरासरी येते साधारण ०.३ सेकंद. आलेख छान दिसतो, पण दोन माणसं कंटाळून निघून गेलेली असतात.

२०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये ‘प्रोमिथियस’चं काम सुरू झालं. ते बांधणारे इंजिनिअर आधी गूगलमध्ये होते आणि तिथल्या ‘बोर्गमॉन’ची कल्पना त्यांच्यासमोर होती. इथे ॲप्लिकेशन स्वतःच आपले आकडे मांडून ठेवतं आणि प्रोमिथियस ठरावीक वेळाने ते येऊन वाचतं. किती विनंत्या आल्या, किती फसल्या, किती जणांना जास्त वेळ थांबावं लागलं, हे वेगवेगळं मोजता येतं. आता प्रश्न ‘जिवंत आहेस का?’ एवढाच राहिला नाही, ‘काम नीट होतंय का?’ असा झाला.

यातली कुठलीच साधनं चुकीची नव्हती. पिंग आजही रोज वापरतात. फक्त प्रत्येक साधन एकाच प्रकारच्या प्रश्नाला उत्तर देतं. म्हणून प्रयोगाची आखणी करताना आधी प्रश्न लिहा, मग माप निवडा. आणि मूळ नोंदी शक्यतो जपून ठेवा. सरासरीवरून मूळ आकडे परत काढता येत नाहीत.