काडतुसांचें कोष्टक

झाडलेलीं काडतुसें घरींच पुन्हां भरण्याची अमेरिकेंतील शिकाऱ्यांची चाल जुनी आहे. दारू काळी होती तोंवर पळीनें मोजूनही भागे. परंतु १८८४ त फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यानें बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि पुढें तीच जुन्या मापानें भरणाऱ्याच्या हातांत बंदूक फुटण्याचें भय उत्पन्न झालें. छापील कोष्टकांस खरें मोल आलें तें यामुळें. न्यू हेवनच्या ‘आयडियल’ कारखान्याची पुस्तिका त्यांत प्रसिद्ध. १९२५ त तो कारखाना लायमननें घेतला. आज असे आंकडे संगणकाच्या जाळ्यांत फुकट मिळतात. दारू करणाऱ्यांनीं स्वतः दिलेले आंकडे आम्हीही ग्राह्य मानतों. पण कोणा अनामिकानें उतरून घेतांना दशांशचिन्ह एक घर सरकलें, तर जाब कोणास विचारावा? मुद्रणदोष पुस्तकांतही असतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको! तेथें निदान शुद्धिपत्र काढणारा प्रकाशक नांवानिशीं सांपडतो.