स्मार्ट सिटी म्हणजे नेमकं काय? शहर ‘लोकांचं’ कधी होतं?

चौकात मोठा डिजिटल फलक, खांबाखांबावर सीसीटीव्ही, मोबाइलवर महापालिकेचं ॲप. ‘स्मार्ट सिटी’ म्हटलं की हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. पण त्याच चौकात आजींना रस्ता ओलांडता येत नसेल आणि पलीकडच्या वस्तीत दिवसाआड पाणी येत असेल, तर त्या शहराला स्मार्ट म्हणायचं का?

व्याख्या काय?

जगभर मान्य असलेली एकच व्याख्या नाही. केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी मिशनच्या मार्गदर्शक सूचनांतही हे मान्य केलेलं आहे. सोप्या शब्दांत सांगायचं तर, माहिती आणि तंत्रज्ञान वापरून पाणी, वाहतूक, कचरा, वीज या सेवा सुधारणारं शहर म्हणजे स्मार्ट शहर. आणि त्या सेवा कुणासाठी, कुठे, कोणत्या क्रमाने हव्यात हे ठरवताना तिथे राहणाऱ्यांचं ऐकणारं शहर म्हणजे लोककेंद्री शहर. पहिली गोष्ट असली म्हणजे दुसरी आपोआप येते, असं नाही.

भारतात काय झालं?

२५ जून २०१५ रोजी हे मिशन सुरू झालं. स्पर्धा घेऊन टप्प्याटप्प्याने १०० शहरं निवडली गेली. जानेवारी २०१६ मधल्या पहिल्या २० शहरांत महाराष्ट्रातून पुणे आणि सोलापूर होतं. नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), पिंपरी-चिंचवड आणि गोव्यातलं पणजी ही नंतर आली. केंद्राने ४८,००० कोटी रुपयांची तरतूद ठरवली आणि तेवढाच वाटा राज्य व महापालिकांनी उचलायचा होता. मुदतवाढी घेत मिशन ३१ मार्च २०२५ रोजी संपलं.

मूलभूत गरजांच्या यादीत पुरेसं पाणी, खात्रीची वीज, स्वच्छता, सार्वजनिक वाहतूक, गरिबांना परवडणारी घरं, महिला-मुलं-ज्येष्ठांची सुरक्षितता, आरोग्य आणि शिक्षण होतं. डिजिटल सुविधा हा त्या यादीतला फक्त एक मुद्दा होता.

मग वाद कशावरून?

मुख्य आक्षेप दोन होते.

पहिला, पैसा कुठे गेला. बहुतेक शहरांनी एक ठरावीक भाग निवडून तिथेच मोठा खर्च करायचं ठरवलं. पुण्यात हा भाग औंध-बाणेर-बालेवाडी होता. कल्पना अशी की एक भाग आदर्श करायचा आणि बाकी शहराने तो कित्ता गिरवायचा. पण शहराच्या ज्या भागात पाणी आणि रस्त्यांची अडचण जास्त, तो भाग या निवडीत आला नाही तर त्याच्या वाट्याला थोडंच येतं.

दुसरा, निर्णय कुणी घेतले. प्रत्येक शहरात स्वतंत्र कंपनी काढली गेली. त्यात राज्य सरकार आणि महापालिका यांचा निम्मा-निम्मा वाटा. कंपनीमुळे कामं वेगाने होतील, हा त्यामागचा विचार. पण ७४ व्या घटनादुरुस्तीने शहराचा कारभार निवडून आलेल्या संस्थेकडे सोपवण्याचा रस्ता दाखवला होता आणि इथे बरेच निर्णय महापालिकेच्या सभेबाहेर गेले. नगरसेवक चुकला तर पाच वर्षांनी मत देऊन बदलता येतो. कंपनीचं संचालक मंडळ तसं बदलता येत नाही. त्यात पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच होते.

जगातली दोन उदाहरणं

कोलंबियातल्या मेडेयीन शहरात गरीब वस्त्या डोंगरउतारावर आहेत. शहराने २००४ मध्ये तिथे मेट्रोला जोडलेली केबल कार सुरू केली. २०११ मध्ये कोमुना १३ या वस्तीत उघड्यावर सरकते जिने बसवले. तंत्रज्ञान जुनंच, पण ते सर्वात आधी पोहोचलं ज्यांना रोज चढ चढावा लागायचा त्यांच्यापर्यंत.

कॅनडातल्या टोरांटोमध्ये २०१७ साली गूगलच्या मूळ कंपनीच्या ‘साइडवॉक लॅब्स’ने सेन्सरयुक्त वसाहतीची योजना मांडली. आमच्या हालचालींची माहिती कुणाच्या मालकीची, असा प्रश्न नागरिकांनी लावून धरला. मे २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचं कारण देत माघार घेतली.

आपल्याकडे काही आहे का?

आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करते. सुका कचरा वेगळा होतो, पुन्हा वापरात येतो आणि कचरावेचकांना हक्काचं काम मिळतं. पुण्यातच २००६ पासून नागरिक आपल्या भागातली छोटी कामं सुचवतात आणि ती अंदाजपत्रकात घेतली जातात. या दोन्ही गोष्टींसाठी महागडं यंत्र लागलं नाही.

आपलं शहर कसं तपासायचं?

पुढच्या वेळी एखादा ‘स्मार्ट’ प्रकल्प जाहीर झाला की हे पाच प्रश्न विचारा:

१. याचा पहिला फायदा कुणाला? वस्तीतल्या माणसाला की आधीच सोयी असलेल्या भागाला?
२. आठ वर्षांचं मूल आणि ऐंशी वर्षांची व्यक्ती ही सोय एकट्याने वापरू शकेल का?
३. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याचं काम होईल का?
४. गोळा झालेली माहिती कुणाकडे, किती काळ राहणार?
५. उद्घाटनानंतर देखभालीचा खर्च कोण करणार आणि तक्रार कुणाकडे करायची?

उत्तरं मिळवण्याचे मार्गही आहेत. महापालिकेचं अंदाजपत्रक पाहता येतं आणि माहिती अधिकारात अर्ज करता येतो. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असं राज्यघटनाच सांगते. मिशन संपलं, पण त्यातून उभे राहिलेले रस्ते, कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष आता आपल्याच करातून चालवायचे आहेत. म्हणून हे प्रश्न आजही विचारायला हवेत.