नाव अंडाशयाचे, प्रश्न हृदयाचाही

शिकागो येथील आयर्विंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांच्या पाळीत बिघाड होता, काहींच्या अंगावर व चेहऱ्यावर केस वाढले होते आणि दोन्ही अंडाशये मोठी झाली होती. अंडाशयांचा पाचरीच्या आकाराचा भाग कापून काढल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली. दोघींना दिवस गेले. या यशामुळे विकाराचे मूळ अंडाशयातच आहे, असे गृहीत धरले गेले. पुढे त्याला ‘पीसीओएस’, म्हणजे अंडाशयात अनेक गाठी असणारा विकार, हे नाव मिळाले. वस्तुतः त्या गाठी नव्हेत. ज्यांत अंडे वाढते, त्या वाढ अर्ध्यावर थांबलेल्या पुटिका होत.

दुसरा धागा याआधीच हाती आला होता. १९२१ साली पॅरिसमध्ये आशार व तिएर यांनी ‘दाढी असलेल्या स्त्रियांच्या मधुमेहा’चे वर्णन केले होते. परंतु रक्तातील अत्यल्प इन्सुलिन मोजण्याची पद्धत यॅलो व बर्सन यांनी १९६० मध्ये दिली. ती वापरून १९८० साली अमेरिकेतील बर्गेन व सहकाऱ्यांनी दाखवले, की या स्त्रियांत इन्सुलिन जितके जास्त, तितकी पुरुष-संप्रेरकेही जास्त.

हे कसे घडते? पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिक स्रवते. वाढलेल्या इन्सुलिनमुळे अंडाशय अधिक टेस्टोस्टेरोन तयार करते. शिवाय टेस्टोस्टेरोनला बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी बनते. दुसरीकडे रक्तातील साखर, मेद व रक्तदाब वाढण्याची शक्यता असते. इथे हृदयाचा संबंध येतो.

स्वीडनमध्ये १९५६ ते १९६५ दरम्यान अशी शस्त्रक्रिया झालेल्या ३३ स्त्रियांची पुढे तपासणी झाली. त्यावरून १९९२ साली हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सातपट असावा, असे गणित मांडले गेले. मात्र ब्रिटनमधील ७८६ स्त्रियांच्या, सरासरी तीस वर्षांच्या पाहणीत (१९९८) हृदयविकाराने झालेले मृत्यू तितके आढळले नाहीत. मधुमेहाचे प्रमाण मात्र जास्त होते. अंदाज आणि प्रत्यक्ष मोजणी यांतला फरक विद्यार्थ्यांना दाखवण्यास हे उदाहरण उत्तम आहे. पुढे पुरावा वाढत गेला. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने हा विकार हृदयरोगाला पोषक घटक मानला, पण पाळी थांबण्याच्या वयापूर्वी प्रत्यक्ष धोका कमी असतो, असेही नोंदवले. रक्तदाब दरवर्षी तपासावा आणि निदान होताच साखर व मेद तपासावेत, असे तीत सांगितले आहे.

पाळी अनियमित असलेल्या मुलीची आपल्याकडे ‘लग्नानंतर होईल सगळे ठीक’ म्हणून बोळवण होते. या सल्ल्यात १९३५ चीच दृष्टी आहे: प्रश्न फक्त मूल होण्याचा. आम्हाला वाटते, तिला डॉक्टरांकडे पाठवा आणि चेहऱ्यावरील केसांवरून होणारी थट्टा वर्गातच थांबवा. खेळाच्या तासाला तिला बाजूला बसवू नका. व्यायामाने पेशी इन्सुलिनला अधिक दाद देतात.