उखळ, करंडा, कावळ्याची चोच: सांध्यांचा जुना हिशेब आणि इंदूर

मानवी सांध्यांची तपशीलवार मोजदाद सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आढळते. तिथे एकूण 210 सांधे सांगितले आहेत: हातापायांत 68, धडात 59 आणि मानेपासून वर 83. चरकाच्या मते ते 200. सुश्रुत फक्त हाडांचे सांधे मोजतो. पेशी, स्नायू आणि शिरांचे सांधे अगणित म्हणून सोडून देतो.

हालणारे आणि स्थिर ही त्याची पहिली विभागणी. पुढे आकारावरून आठ प्रकार येतात. बोटे, मनगट, घोटा, गुडघा आणि कोपर यांचे सांधे ‘कोर’. पाठ आणि मानेतले ‘प्रतर’, कवटीतले शिवणीसारखे ‘तुन्नसेवनी’, जबड्याच्या दोन्ही बाजूंचे कावळ्याच्या चोचीसारखे ‘वायसतुंड’. करंड्यासारखा ‘सामुद्ग’ खांद्याच्या पाठीमागच्या भागात. उरलेले ‘मंडल’ आणि ‘शंखावर्त’ हे डोळा, कंठ, कान अशा ठिकाणचे असून आजच्या अर्थाने ते सांधे म्हणता येत नाहीत. खरी गंमत ‘उलूखल’ म्हणजे उखळ या प्रकारात आहे. त्यात काख, जांघ आणि दात एकत्र येतात. आकार पाहिला तर हे बरोबरच: खुब्याचा गोळा आणि दाताचे मूळ दोन्ही खळग्यात बसतात. आधुनिक शारीरशास्त्र मात्र मधली ऊती पाहते. खुबा वंगणद्रव असलेल्या सांध्यांत जातो, दात तंतुमय सांध्यांत, आणि मणक्यांमधल्या चकत्यांचे सांधे कूर्चामय ठरतात.

हा फरक पडण्याचे एक कारण पाहण्याच्या पद्धतीत असावे. सुश्रुताच्या सांगण्यानुसार प्रेत मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून संथ वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचे आणि नंतर वाळा किंवा केसांच्या कुंचल्याने थर हळूहळू घासून काढायचे. अशा कुजवणीत सांध्याभोवतीचे पातळ आवरण टिकणे अवघड, हाडांचे आकार मात्र स्वच्छ दिसतात.

राजवाड्याच्या पश्चिमेकडचे मल्हारगंज ही इंदूरची जुनी वस्ती, मल्हारराव होळकरांच्या नावाची. अशा वस्त्यांत सांध्यांची विद्या पोथीपेक्षा आखाड्यातून अधिक पोहोचली, कारण कुस्तीत सांधा निखळणे हे नित्याचेच. त्यातही खांदा पहिला. त्याच्या हाडाचा गोळा मोठा आणि खळगी उथळ. हात सर्व दिशांना फिरतो तो याच सैलपणामुळे, आणि निखळतोही त्यामुळेच. मध्य आणि उत्तर भारतातल्या शहरांत हाड बसवणाऱ्याला ‘पहलवान’ म्हणतात, त्याचे मूळ आखाड्यात आहे.

निखळलेल्या सांध्याचे सुश्रुत सहा प्रकार करतो. खांद्यासाठी तो काखेत मुसळ घालून वर उचलायला आणि मग स्वस्तिक पट्टी बांधायला सांगतो. ग्रीक वैद्यही काखेत गोळा किंवा टाच देऊन हात ओढत. दोन्हीकडे युक्ती एकच, काखेतून टेकू. मोडलेल्या हाडाला आधार म्हणून उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली आणि बांबू वापरत. पट्टी थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलायची.

इंदूरच्या रेसिडेन्सी भागात 1878 मध्ये मेडिकल स्कूल सुरू झाले. पुढे ते किंग एडवर्ड यांच्या नावाने ओळखले गेले. 1948 मध्ये महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेज उभे राहिले. त्याआधीच, 1895 मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागला होता. निखळण्याबरोबर हाडही मोडले आहे का, हे केवळ बोटांनी चाचपून नेहमी कळत नाही. क्ष-किरणचित्रात ते दिसते. हाडवैद्याच्या हाताची मर्यादा इथेच उघड झाली. घट्ट बांधलेल्या बांबूच्या कामट्यांनी रक्तपुरवठा थांबून हात-पाय गमावण्याची प्रकरणे आजही डॉक्टरांसमोर येतात. पट्टी फार सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पू होतो, हे संहितेच्या चिकित्सास्थानातच लिहिलेले आहे.