रीत कुणाची?

मंडळी, स्त्रीचे हक्क सगळीकडे सारखे, की ज्या-त्या समाजाच्या रीतीप्रमाणे? हा प्रश्न मुंबईच्या हायकोर्टात १८८४ सालीच दाखल झाला होता. रखमाबाईंचं लग्न ११ व्या वर्षी लागलेलं. जाणत्या झाल्यावर त्या नांदायला जाईनात, तेव्हा नवऱ्यानं, दादाजी भिकाजीनं, दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. पण १८८७ साली दुसऱ्या न्यायमूर्तींनी हुकूम केला: नांदायला जा, नाहीतर ६ महिने तुरुंग. बाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

धर्म बुडाला, अशी ओरड झाली. टिळकांचा ‘केसरी’ही विरुद्धच होता. पण गंमत पाहा. असा दावा हिंदू कायद्यातला नव्हे, तो विलायतेहून आला, असं पिन्हींनी म्हटलं होतं. उलट रखमाबाईंच्या जातीत विधवेला पुनर्विवाहाची मुभा होती. त्यांच्या आईनंच दुसरं लग्न केलं होतं.

१८८८ साली २,००० रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

रीतीचा मान राखावाच. पण आधी विचारावं: ही रीत कुणाची, कधीची, आणि ठरवताना बाईला विचारलं होतं का?